चौकोन, चौकोन, माती

२००२ च्या फेब्रुवारीत तैवानला नवे पंतप्रधान मिळाले आणि तैपेईतल्या वर्तमानपत्रांपुढे एक जुनीच पंचाईत नव्याने उभी राहिली. पंतप्रधानांचं नाव यू शी-कुन. त्यातलं 'कुन' हे अक्षर संगणकात नव्हतं. हाताने लिहायला अवघड नाही, शब्दकोशात सापडतं, शाळेतल्या फळ्यावर कुणीही काढून दाखवेल. पण कळफलकावर कितीही बोटं आपटली तरी पडद्यावर उमटत नव्हतं. मग त्या अक्षराचे तुकडे करून ते कंसात टाकायची पद्धत पडली. वर शेजारी शेजारी दोन 'फांग', खाली एक 'तू'. फांग म्हणजे चौकोन, तू म्हणजे माती. देशाचा पंतप्रधान बातमीत 'यू शी (चौकोन चौकोन माती)' असा छापला जाऊ लागला. लोकांनी त्याचं टोपणनाव करून टाकलं : फांगफांगतू. नंतर, २०२० साली, हेच गृहस्थ संसदेचे सभापती झाले, तेव्हा कुणाच्याही फोनवर त्यांचं नाव नीट उमटत होतं. पण टोपणनाव चिकटलं ते चिकटलंच.

सामुद्रधुनीच्या पलीकडे चीनमध्येही हीच गत होती. १९९८ ते २००३ या काळात पंतप्रधान असलेल्या झू रोंगजी यांच्या नावातलं 'रोंग' हे अक्षर धातूच्या खुणेचं. ते 'आगी'च्या खुणेच्या 'रोंग'चंच दुसरं रूप आहे असं भाषासुधारकांनी आधीच ठरवून टाकलेलं, त्यामुळे संगणकाच्या यादीत आगीचं आलं, धातूचं राहिलं. कुणी आगीवर भागवलं, कुणी कंसात 'धातू' आणि त्याशेजारचा तुकडा असं लिहिलं.

(हा अंक देवनागरीत निघतो. तेव्हा मीही पुढची अक्षरं अशीच तुकड्या-तुकड्यांनी सांगणार आहे.)

चिनी लिपीत मुळाक्षरं नाहीत. एकेका शब्दाला, निदान शब्दाच्या एकेका अवयवाला, स्वतंत्र आकृती. १७१६ सालच्या कांगशी शब्दकोशात अशा ४७,०३५ आकृत्या आहेत. रोजच्या वाचनाला त्यातल्या तीन-चार हजार पुरतात. संगणक आला तेव्हा स्मृतिकोश महाग, म्हणून निवड करणं भागच होतं. जपानने १९७८ च्या मानकात ६,३४९ अक्षरं घेतली. चीनने १९८० साली ६,७६३ घेतली. तैवानमधल्या 'बिग फाइव्ह' या १९८४ च्या संकेतावलीत सुमारे १३ हजार होती, आणि गंमत म्हणजे जागेची एवढी ओढाताण असताना त्यातली दोन अक्षरं चुकून दोनदा घेतली गेली.

वारंवारितेच्या हिशेबाने या याद्या वाईट नव्हत्या. वर्तमानपत्राच्या मजकुराचा जवळजवळ सगळा भाग त्यात बसायचा. जे बसत नव्हतं ते मात्र नेमकं ठरावीक जागी साठलेलं होतं : माणसांची नावं, गावांची नावं, जुने ग्रंथ, बोलीतले शब्द. म्हणजे सरासरी काढणाऱ्याला जिथे काही दिसत नाही आणि ज्याचं त्याला जिथे सर्वांत जास्त लागतं, तिथे.

खिळ्यांच्या छापखान्यात ही अडचण एवढी मोठी नव्हती. कप्प्यात खिळा नसेल तर कोरणारा कारागीर लाकडाचा किंवा शिशाचा तुकडा घेऊन तो तिथल्या तिथे करून द्यायचा. जपानी छापखान्यांत खिळा तयार होईपर्यंत त्या जागी कुठलाही एक खिळा उलटा खोचून ठेवत. कच्च्या छपाईत त्याच्या बुडाच्या दोन जाड आडव्या रेघा उमटत. लाकडी खडावांच्या ठशासारख्या दिसतात म्हणून त्या खुणेला नाव पडलं 'गेता', म्हणजे खडावा. दुरुस्तीचा खर्डा परत येईपर्यंत खडावा जाऊन अक्षर आलेलं असे. संगणकाने ही सोय हिरावली. तिथे अक्षर म्हणजे धातूचा तुकडा नव्हे, एक क्रमांक. आकृती तुम्ही काढाल, पण क्रमांक कोण देणार?

आकृती काढणं खरंच सोपं आहे, निदान सुरुवातीला तसं वाटतं. विंडोजच्या संगणकांवर, आपल्याकडच्यासुद्धा, एक छोटा प्रोग्रॅम बऱ्याच वर्षांपासून पडून आहे : प्रायव्हेट कॅरॅक्टर एडिटर. 'रन'च्या चौकटीत 'ईयूडीसीएडिट' असं टाइप केलं की तो उघडतो. तो आधी विचारतो, कुठला क्रमांक हवा? मोकळ्या क्रमांकांचा तक्ता समोर येतो. एक घर निवडायचं. मग ६४ आडव्या आणि ६४ उभ्या घरांची जाळी. शेजारी संदर्भासाठी दुसरं अक्षर उघडून ठेवता येतं. यू शी-कुनांचं अक्षर करायचं तर 'फांग' उचलायचा, दाबून अर्ध्या रुंदीचा करायचा, दोनदा चिकटवायचा, खाली 'माती' बसवायची, जतन करायचं. अर्ध्या तासाचं काम.

आणि जे तयार होतं ते ओळीत बसवलं की डोळ्यांना खुपतं. फांग दाबून अरुंद केला की त्याच्या उभ्या रेघाही दाबल्या जातात, केसासारख्या बारीक होतात. शेजारच्या अक्षरांच्या रेघा मात्र भरीव. शिवाय अक्षराचा तुकडा जागा बदलली की वागणूक बदलतो. 'माती' खाली असेल तर तिची शेवटची आडवी रेघ ऐसपैस पसरते. तीच डावीकडे आली की ती रेघ तिरकी होऊन वर उचलली जाते, उजवीकडच्या शेजाऱ्याला धक्का लागू नये म्हणून. 'झाड' डावीकडे आलं की त्याची उजवी फांदी आखडून ठिपक्याएवढी होते. 'पाणी' तर ओळखू येत नाही इतकं बदलून तीन थेंब होतं. तेव्हा तुकडे चिकटवून अक्षर होत नाही. प्रत्येक तुकडा त्या जागेसाठी पुन्हा काढावा लागतो. हे नियम यंत्राला शिकवायचा प्रयत्न जपानमध्ये झाला. कामिची कोइची यांची 'कागे' ही प्रणाली रेघांच्या टोकांचे बिंदू आणि रेघेचा प्रकार एवढ्यावरून अख्खं अक्षर काढते. तिच्याच आधाराने 'ग्लिफविकी' नावाच्या सामाईक अक्षरकोठारात कुणीही हवं ते अक्षर जुळवून ठेवू शकतं, आणि त्यातून 'हानाझोनो' नावाचा फुकट फॉण्टही निघाला. सुलेखनाच्या जाणकारांना ती अक्षरं रुक्ष वाटतात. पण मुळात नसण्यापेक्षा रुक्ष असलेलं बरं, या मताचा मी आहे.

खरी अडचण पुढे आहे. तुम्ही घडवलेलं अक्षर तुमच्या संगणकावर दिसतं, फाइल दुसऱ्याला पाठवली की त्याच्याकडे रिकामा चौकोन. किंवा त्याहून वाईट : वेगळंच अक्षर. कारण जो मोकळा क्रमांक तुम्ही वापरला, तोच त्यानेही स्वतःच्या गरजेपोटी दुसऱ्या कशाला तरी दिलेला असतो. युनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या सामाईक संकेतावलीत अशा खाजगी वापरासाठी ६,४०० क्रमांकांचा एक पट्टा मुद्दाम मोकळा सोडलेला आहे. तिथे कुणीही काहीही बसवावं, फक्त जगाने ते ओळखावं अशी अपेक्षा धरू नये.

हाँगकाँगने याचा पुरता अनुभव घेतला. तिथे बोलली जाते कँटनीज. 'येणे', 'वस्तू' असे रोजचे शब्द लिहायला लागणारी अक्षरं तैवानच्या बिग फाइव्हमध्ये नव्हती. गावठाणांची नावं नव्हती. शाम शुई पो हा तिथला गजबजलेला भाग. संगणक आणि सुटे भाग स्वस्तात घ्यायचे तर सगळं शहर तिथल्या गोल्डन कॉम्प्युटर आर्केडमध्ये जायचं. त्या 'पो'चं अक्षर, डावीकडे माती आणि उजवीकडे पाऊल, त्या बाजारात विकल्या जाणाऱ्या संगणकांच्या मूळ यादीत नव्हतं. जो तो आपापल्या खाजगी पट्ट्यात अक्षरं बसवू लागला, आणि अक्षरं बसवली तितकी भांडणं झाली. शेवटी सरकारने १९९५ मध्ये आपल्या खात्यांसाठी ३,०४९ अक्षरांची एक यादी पक्की केली, आणि १९९९ मध्ये ती वाढवून ४,७०२ अक्षरांचा 'हाँगकाँग पूरक अक्षरसंच' जाहीर केला.

या सगळ्या खटाटोपात मला सर्वांत शहाणपणाचा वाटलेला मार्ग मात्र सरकारचा नाही, बौद्ध ग्रंथ टंकलिखित करणाऱ्यांचा आहे. आणि तिथेच आपला, म्हणजे भारताचा आणि खास महाराष्ट्राचाही, धागा सापडतो.

चिनी त्रिपिटकाची आज प्रमाण मानली जाणारी आवृत्ती जपानमध्ये १९२४ ते १९३४ या काळात ताकाकुसू जुन्जिरो आणि वातानाबे काइग्योकू यांच्या देखरेखीखाली निघाली. 'ताइशो' आवृत्ती, शंभर जाडजूड खंड. १९९८ मध्ये तैपेईत 'सीबेटा' ही संस्था ते खंड संगणकावर आणायला स्थापन झाली. हातात बिग फाइव्हची तेरा हजार अक्षरं आणि समोर दीड-दोन हजार वर्षांचं भाषांतरित वाङ्मय. त्यात संस्कृत मंत्र आणि धारणी उच्चारानुसार लिहिताना भाषांतरकारांनी केलेली करामत : अक्षराच्या डाव्या अंगाला 'तोंड' ही खूण लावायची, म्हणजे वाचणाऱ्याने समजायचं की इथे अर्थ शोधायचा नाही, नुसता ध्वनी घ्यायचा. ओंकारासाठी वापरलेल्या अक्षरात ते तोंड आहे. 'हुं' या बीजाक्षरासाठी वापरलेलं अक्षर तोंड आणि बैल मिळून झालेलं. अशी काही अक्षरं आधीची होती, काही या कामासाठीच घडवलेली. म्हणजे चिनी लिपीत 'नसलेली अक्षरं' घडवायला भाग पाडणाऱ्यांत संस्कृतचा हात मोठा आहे, आणि संगणकाच्या आधी हजारभर वर्षं आहे.

सीबेटाने अक्षरं घडवत बसण्याऐवजी अक्षरांची सूत्रं लिहायची ठरवली. शेजारी शेजारी असेल तर ताराचिन्ह, वर-खाली असेल तर तिरकी रेघ, एकाच्या पोटात दुसरं असेल तर ॲट-चिन्ह. तुकडा काढायचा तर वजा, घालायचा तर अधिक. सगळं चौकटी कंसात. ताइशोच्या पानोपानी येणारं एक अक्षर घ्या. भिक्षूच्या हातातलं पात्र. चिनीत तो शब्दच संस्कृत 'पात्र'वरून आलेला. ताइशोत तो ज्या अक्षराने छापलाय ते बिग फाइव्हमध्ये नव्हतं. मातीच्या भांड्याची खूण असलेलं त्याचं जुळं रूप होतं. रूप बदलणं सोपं होतं, सीबेटाने ते केलं नाही. त्यांनी लिहिलं : [धातू*मूळ]. वाचणाऱ्याला अक्षर कळतं, संगणकाला ते शोधता येतं, जगातल्या कुठल्याही यंत्रावर ते मोडत नाही, आणि उद्या त्या अक्षराला जागतिक क्रमांक मिळाला की एका आज्ञेत सगळीकडे बदलता येतं. पुढे बहुतेकांच्या बाबतीत तसंच झालं.

त्याच ताइशोच्या ५१ व्या खंडात ह्युएन त्संगचा प्रवासग्रंथ आहे. सातव्या शतकात तो आपल्याकडे आला, पुलकेशीच्या राज्यातून गेला, इथल्या लोकांच्या मानीपणाबद्दल आणि सूड घेण्याच्या रीतीबद्दल लिहून गेला. महाराष्ट्र हे नाव त्याने 'मो-हो-ला-छा' अशा चार अक्षरांत बसवलं. आज तो उतारा कुणालाही मिनिटात सापडतो, तो या टंकलेखकांच्या कामामुळे.

एकदा क्रमांक मिळाला की प्रश्न संपला, असंही नाही. जपानच्या १९७८ च्या यादीत काही अक्षरं अशी निघाली की ती कुठल्याच शब्दकोशात नव्हती. कुणाला उच्चार माहीत नाही, अर्थ माहीत नाही. जपानी लोक त्यांना 'भुताची अक्षरं' म्हणू लागले. १९९७ च्या आवृत्तीच्या वेळी सासाहारा हिरोयुकी आणि इतर अभ्यासकांनी मूळ कागदपत्रं चाळून त्यांचा माग काढला. त्यातलं एक : वर डोंगर, खाली बाई, आणि मधे एक आडवी रेघ. शिगा प्रांतात तागा नावाच्या गावाच्या हद्दीत आकेनबारा नावाची एक वस्ती आहे. तिच्या नावात डोंगर आणि बाई मिळून होणारं अक्षर आहे, रेघ नसलेलं. गावांची यादी तयार करताना कुणाकडे तरी ते अक्षर नव्हतं, म्हणून 'डोंगर' आणि 'बाई' कापून एकाखाली एक चिकटवले. कागदाच्या कडेची सावली प्रतीत उमटली. पुढच्याने ती सावली रेघ समजून उतरवली, आणि तिला राष्ट्रीय मानकात क्रमांक मिळाला. तिथून ती युनिकोडमध्ये गेली, आणि युनिकोडचा नियम असा की एकदा दिलेला क्रमांक परत घेतला जात नाही. आकेनबाराचं खरं अक्षर युनिकोडमध्ये यायला २००१ साल उजाडलं. कागदाच्या सावलीची रेघ त्याआधीच जगभर पोचली होती. दुसरं एक, 'धनुष्य' आणि 'थोरला भाऊ' यांचं मिळून झालेलं, अजून कुणालाच उलगडलेलं नाही. तुमच्या फोनमध्ये तेही असण्याचा संभव आहे.

जपानमध्येच आणखी एक वाद झाला, जो मराठी वाचकाला लगेच कळेल. एकाच क्रमांकाच्या अक्षराची दोन वळणं. तोक्योमधल्या कात्सुशिका या विभागाच्या नावातलं पहिलं अक्षर आणि नारा प्रांतातल्या कात्सुरागी शहराच्या नावातलं पहिलं अक्षर एकच. फक्त पोटातली एक छोटी खूण दोघं वेगळी लिहितात. २००७ च्या जानेवारीत आलेल्या विंडोज व्हिस्टाने नव्या मानकाप्रमाणे वळण बदललं. एका रात्रीत कात्सुशिकाचं नाव दुरुस्त झालं आणि कात्सुरागीचं बिघडलं. आपल्या मराठी वळणाचा 'ल' आणि 'श' हिंदी फॉण्टमध्ये कसे परके दिसतात ते आठवा. क्रमांक तोच, वळण निराळं. फरक एवढाच की आपण कुरकुर करून पुढे जातो, जपानी माणूस आडनावातल्या एका ठिपक्यासाठी नगरपालिकेत जातो. म्हणूनच तिथल्या सरकारला कुळनोंदी आणि रहिवासी नोंदी जुळवायला साठ हजारांच्या आसपास आकृत्यांचा संच बांधावा लागला, आणि वातानाबे या साध्या आडनावातल्या 'बे'ची डझनावारी रूपं त्यात नोंदवावी लागली.

नव्या अक्षरांना क्रमांक देण्याचं काम १९९३ पासून एक आंतरराष्ट्रीय गट करतो. चीन, तैवान, जपान, दोन्ही कोरिया, व्हिएतनाम, हाँगकाँग, शिवाय इतर काही जण. वर्षातून दोनदा बैठक. ज्याला अक्षर हवं त्याने ते छापील किंवा हस्तलिखित रूपात कुठे सापडतं याचा पुरावा जोडायचा. मग प्रत्येक अक्षर तपासायचं : हे आधीच आहे का? दुसऱ्याचंच वेगळं वळण आहे का? की नकलनविसाची चूक? (सावलीच्या रेघेने शिकवलेला धडा.) १९९२ मध्ये युनिकोडने २०,९०२ अक्षरांनी सुरुवात केली, २००१ मध्ये एकदम ४२,७११ जोडली, २०२३ पर्यंत बेरीज ९७,६८० वर गेली. एका फॉण्टच्या फाइलीत ६५,५३५ पेक्षा जास्त आकृत्या मावत नाहीत, म्हणजे सगळी चिनी अक्षरं असलेला एकच फॉण्ट करताच येत नाही.

शिवाय पहिल्या ६५,५३६ क्रमांकांच्या पुढची अक्षरं अनेक प्रोग्रॅमना पेलतच नसत. लोकप्रिय मायएसक्यूएल डेटाबेसच्या जुन्या 'यूटीएफ-एट'मध्ये एका अक्षराला तीनच बाइट होते. चार बाइटचं अक्षर आलं की वाक्य तिथेच तुटायचं. योशिनोया या गोमांस-भाताच्या जपानी उपाहारगृहाच्या पाटीवरचं पहिलं अक्षर नेमकं त्यातलं. ही दुखणी शेवटी बरी झाली ती विद्वानांच्या अर्जांनी नव्हे. हसणारे, रडणारे इमोजीही त्याच पल्याडच्या पट्ट्यात बसवलेले आहेत, आणि ते दिसले नाहीत तर गिऱ्हाईक ओरडतं. कंपन्यांनी धावतपळत प्रोग्रॅम सुधारले आणि त्या गर्दीत आठव्या शतकातली अक्षरंही आत आली.

रांगेत सगळे सारखे नसतात. २०१७ च्या मे महिन्यात चीनने चार नव्या मूलद्रव्यांची चिनी नावं जाहीर केली. टेनेसीनसाठी 'दगड' आणि 'शेत' यांचं अक्षर, ओगानेसॉनसाठी 'वायू'च्या खुणेखाली 'आओ'. २०१८ च्या जूनमध्ये त्यांना क्रमांक मिळालेले होते. त्याच २०१७ साली गटापुढे गेलेला इतर हजारो अक्षरांचा संच २०२२ मध्ये बाहेर पडला. सातव्या शतकाच्या अखेरीस सम्राज्ञी वू झेत्यानने स्वतःच्या नावासाठी अक्षर घडवलं, सूर्य आणि चंद्र आकाशावर. तिला कुणाची परवानगी लागली नाही, आणि ते अक्षर आज युनिकोडमध्ये आहे. याउलट युन्नान प्रांतातल्या लिसू समाजाच्या एका गावात 'न्या' असं आडनाव पिढ्यानपिढ्या चालत आलेलं. ओळखपत्रं संगणकावर निघू लागली तेव्हा यंत्रात ते अक्षर नव्हतं. गावकऱ्यांच्या आडनावाच्या रकान्यात जवळचं म्हणून 'या' हे अक्षर घालण्यात आलं. त्याचा अर्थ बदक. अख्खं गाव कागदोपत्री बदक झालं.

नावात दुर्मिळ अक्षर असलेल्या चिनी माणसांची संख्या तिथली वर्तमानपत्रं सहा कोटींच्या घरात सांगतात. १ ऑगस्ट २०२३ पासून चीनमध्ये नवं सक्तीचं मानक लागू झालं : ८७,८८७ अक्षरं, आणि सरकारी व सार्वजनिक सेवेच्या संगणकप्रणालींना ती सगळी हाताळता आलीच पाहिजेत असा दंडक. त्यानंतर राहिलेल्यांसाठी युनिकोडने त्याच वर्षी आणखी ६२२ अक्षरं घाईने घेतली.

आता काम उरलंय ते जुन्या नोंदींचं. गेल्या तीस-चाळीस वर्षांत अशा माणसांची नावं कुठे रोमन लिपीत टाकली गेली, कुठे सारख्या दिसणाऱ्या अक्षराने, कुठे खाजगी पट्ट्यातल्या क्रमांकाने, आणि प्रत्येक ठिकाणी तो क्रमांक निराळा. नव्या ओळखपत्रावर खरं अक्षर छापून मिळतं. ते घेऊन माणूस बँकेत जातो. बँकेच्या नोंदीत तो रोमन लिपीत आहे, विम्याच्या कागदात तारांकित, आणि निवृत्तिवेतनाच्या यादीत भलत्याच कुणाच्या तरी नावाने. संगणकाच्या लेखी ही चार माणसं. ती एकच आहेत हे ठरवायला कुठलंही मानक पुरत नाही. समोरच्या कारकुनाला कागद शेजारी शेजारी ठेवून, वयाचा आणि पत्त्याचा मेळ घालून, एकेक नोंद हातानेच जुळवावी लागते.